म्हाताऱ्यांनी भरलेला तंबू

पौष सरत आला की नगरच्या आमच्या रस्त्यावरून कडब्याच्या बैलगाड्या जायला लागतात. गाडी दिसायच्या आधी तिचा वास येतो. उन्हात तापलेल्या ज्वारीच्या ताटांचा, गोडसर, थोडा धुळकट. आमच्या घरातली शहरात वाढलेली पिढी त्या वासाने शिंकते. मी हातातलं काम टाकून खिडकीशी जाते आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत उभी राहते. मुलं म्हणतात, आईला गावाची आठवण आली. मी त्यांना म्हणू देते. एरवी मला सांगायची केवढी हौस! माझी एखादी गोष्ट दोनदा ऐकली नाही असं आमच्या घरात माणूस नाही, आणि दुसऱ्या खेपेला जी थोडी फुगली नाही अशी गोष्ट नाही. पण कडब्याच्या वासाबरोबर जी येते, ती मी फार वर्षांत कुणाला सांगितलेली नाही.

यंदा सुमनने तिला हात घातला. सुमन माझी धाकटी लेक, कॉलेजात जाते. कोणत्या वयाची माणसं सिनेमाला किती जातात हे घरोघर विचारून तक्ता भरायचं काम तिच्या सरांनी मुलींना दिलंय. सुरुवात घरापासून, म्हणून ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात फतकल मारून बसली.

"आई, तू तीस ते पन्नासमध्ये."

"आताच पंचेचाळीस लागलं गं मला. अलीकडच्या रकान्यात जरा जागा नाही का?"

"नाही. महिन्यातून किती वेळा सिनेमा?"

"तुझे बाबा नेतील तितक्या वेळा."

तिने शून्य लिहिलं. पोरगी हुशार आहे.

मग मी पाहिलं, शेवटच्या 'साठीच्या वर' या रकान्यात तिने कुणाला न विचारताच वरपासून खालपर्यंत आडव्या रेघा मारून ठेवल्या होत्या. मी विचारलं, तर म्हणाली, "म्हातारे कुठे जातात सिनेमाला? ते गृहीतच आहे."

गृहीत आहे खरं. लहानपणी माणूस पडद्याच्या पुढ्यात, मान मोडेस्तोवर वर बघत बसतं. मिसरूड फुटलं की मधे येतं, लग्न झालं की मागे सरकतं, पोरंबाळं झाली की दाराजवळची जागा धरतं, आणि एक दिवस दाराबाहेरच राहतं. कुणी हाकलत नाही. सरकत सरकत गेलेलं असतं, इतकंच. पण मी सुमनला म्हटलं, "सगळ्या रेघा मारू नकोस. कर्जतला एका सुगीत म्हाताऱ्यांनी तंबू भरला होता आणि तरणी पोरं जागा नाही म्हणून बाहेर उभी होती." ती म्हणाली, "कधी?" मी म्हणाले, "लढाईच्या वेळी." ती म्हणाली, "मग ते नको, सरांना चालूचं हवंय." आणि उठून गेली.

माझं मात्र काही ते उठून गेलं नाही.

मी सोळा वर्षांची होते. लग्न होऊन कर्जतला आले त्याला अडीच वर्षं झाली होती. घरात आम्ही तिघीजणी. सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, थोरली जाऊ सखूबाई, त्यांना अक्का, आणि मी. पुरुषमाणूस असं घरात नव्हतंच. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. आमचे हे भिंगारला छावणीत कामाला होते, सणावाराला यायचे. आणि अक्कांचे मालक, म्हणजे माझे थोरले दीर किसनभावजी, नगरला भरती होऊन लढाईवर गेलेले. ब्रह्मदेशाच्या बाजूला आहेत एवढंच कळलं होतं. मग पत्रं थांबली. मग एक छापील कागद आला. शाळेतल्या मास्तरांनी तो दोनदा मनात वाचला आणि एकदा मोठ्याने. त्यात 'बेपत्ता' असा शब्द होता.

मेला म्हटलं तर माणूस रडतं. बेपत्ता म्हटलं तर काय करावं हे कर्जतात कुणालाच ठाऊक नव्हतं. अक्कांनी कुंकू पुसलं नाही आणि सणाला नवं लुगडं नेसल्या नाहीत. हळदीकुंकवाला बायका त्यांना बोलवायच्या, पण जरा उशिराने. वर्ष असंच गेलं. अक्का तेव्हा बावीस वर्षांच्या. मूलबाळ नव्हतं. आमच्यात पाट लावायची, म्हणजे बाईचं दुसरं लग्न करून द्यायची, चाल होती, म्हणून अक्कांचे वडील एक दिवस आले आणि ओसरीवर बसून, पागोटं गुडघ्यावर ठेवून बोलले. मिरजगावकडचा एक माणूस होता. बायको बाळंतपणात गेलेली, एक लहान पोर, घरची विहीर. माणूस गरीब स्वभावाचा.

आत्याबाई कडक होत्या, पण वाईट नव्हत्या. बराच वेळ तंबाखू मळत बसल्या आणि मग म्हणाल्या, "पोरीचं वय काय, मला कळतंय की इवाई. पर सुगी हू द्या. पाडव्यापातुर वाट बघू. तवर माझ्या किसनचा काय सांगावा आला तर आला. न्हाईतर मीच तिची वटी भरून लावून देती."

असं सगळं त्या सुगीवर येऊन ठेपलं होतं. मला एवढंच समजलं की पाडव्यानंतर अक्का या घरात नसणार. आणि मला ते नको होतं. आज हे मी सरळ लिहिते. त्या वेळी मी याला अक्कांची काळजी म्हणत होते. खरी गोष्ट अशी की पहाटे जात्यावर माझ्यासमोर बसून माझ्या वाटचंही ओढणाऱ्या, माझी भाकरी मोडली की ती गुपचूप स्वतःच्या ताटात घेणाऱ्या, आत्याबाईंच्या तोंडाला माझ्यासाठी तोंड देणाऱ्या अक्का गेल्या, तर त्या घरात मी एकटी पडणार होते.

ज्वारी उपटायला आम्ही तिघी उजाडायच्या आत निघायचो. थंडीने धसकटं हाताला दगडासारखी लागायची. दोन-चार दिवसांत तळव्यांना फोड, मग फोडांवर फोड. अक्का रात्री गोडेतेल कोमट करून माझ्या हातांना चोळायच्या आणि म्हणायच्या, "कुनी तुला शेताची सून केलं गं? तू आपली गोष्टी सांगायला बरी." उपटून आडव्या टाकलेल्या ज्वारीच्या ओळी, त्यांवर बसणारे चिमण्यांचे थवे, दुपारी बांधावर सोडलेली भाकरी आणि तिच्यावर ठेचा. आणि त्यातच एके दुपारी रस्त्यावरून आलेली ती बैलगाडी. गाडीला दोन्ही बाजूंनी चित्रांच्या पाट्या लावलेल्या, आत एक माणूस हलगी वाजवतोय, दुसरा कर्ण्यातून ओरडतोय. सिनेमाचा तंबू आला होता.

तो दरसाल सुगीलाच यायचा. बाजारतळावर मोकळ्या जागेत खांब रोवायचे, वर कापड, भोवती कनात. मागच्या बाजूला इंजिन. त्याची धडधड सुरू झाली की सगळ्या गावाला कळायचं, दिवेलागण झाली. तंबूत वयाप्रमाणे माणसं आपोआप बसायची. पोरंटोरं पुढे मातीत, त्यामागे मिसरूडवाले, त्यामागे बाकांवर बापेमाणसं, आणि शेवटी चार खुर्च्या मामलेदार कचेरीतल्या लोकांना. आम्ही बायका या कशातच नव्हतो. आमची जागा पडद्याच्या मागे. कापडाचा पातळ पडदा, तिकडून पुरुषांनी बघायचं आणि इकडून, पाठीमागून, आम्ही. चित्र दोन्हीकडे दिसायचं, पण आमच्याकडे उलटं. पाट्यांवरची अक्षरं उलटी, म्हणून मी चौथी शिकलेली असूनही बाकीच्यांसारखीच निरक्षर. नायक डाव्या हाताने जेवायचा, नमस्काराला डावा हात वर करायचा. आमच्या शेजारी बांगड्या भरणाऱ्या मणियारांचं घर होतं, त्या घरची चाची असल्या गोष्टी कुणीतरी सांगितलेल्या ऐकून नाक मुरडायची. "डाव्या हातानं खातेत मेले. म्हनून मी जात न्हाई."

खरं म्हणजे चाची साठीची होती आणि त्या वयाचं कुणीच जात नव्हतं. आत्याबाई म्हणायच्या, "सावल्या काय बघायच्या? भितीवर चिमणी पेटवली की घरी दिसत्यात." त्यांना तशाही सावल्याच दिसत होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आले होते. भाकरी भाजलेली कळायची ती वासावरून.

अक्काही जात नव्हत्या. बेपत्ता माणसाच्या बायकोने सिनेमाला जावं की नाही हे कुणी ठरवलेलं नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. मी मात्र शेजारच्या सुना गोळा करून आत्याबाईंची परवानगी काढायची आणि जायची. परतले की चुलीपुढे बसून अक्कांना सगळा खेळ सांगायची, गाण्यांसकट. अक्का ऐकता ऐकता हसायच्या आणि मधेच म्हणायच्या, "हे खरं पडद्यावर हुतं, का आत्ता तूच घातलंस?"

खेळाच्या आधी त्या साली लढाईच्या बातम्यांची रीळ दाखवायचे. तोफा, विमानं, साहेब लोक, आपले शिपाई. बायकांच्या बाजूला त्या वेळी गप्पा चालायच्या, पोरांना पाजणं चालायचं. मीही शेंगा खात बसलेली. पडद्यावर कुठलं तरी रान होतं, चिखल होता, आणि शिपायांची एक ओळ पाठमोरी चालली होती. ओळीतला शेवटचा माणूस डावा पाय किंचित बाहेर फेकत चालत होता. पुढे जाऊन तो थांबला, अर्धवट वळला, तोंडावरून बाही फिरवली आणि गेला.

मी शेंगा टाकून उभी राहिले आणि ओरडले, "भावजी!"

आता इथे मला माझी अक्कल जरा उलगडून दाखवली पाहिजे. किसनभावजी लहानपणी गंजीवरून पडले होते. त्यांचा डावा पाय चालताना बाहेर जायचा, हे खरं. पण मी त्यांना ओळखणारी कोण? माझ्या लग्नानंतर ते दोनदा रजेवर आले. सुनेने थोरल्या दिरासमोर पदर नाकापर्यंत ओढायचा. दोन्ही खेपांना मिळून मी त्यांचे पाय पाहिले, वहाणा पाहिल्या, ताटाशी येणारा हात पाहिला. तोंड एकदाही नाही. जन्मात ज्यांचं तोंड पाहिलं नाही अशा माणसाला मी ओळखलं, आणि तेही बुटात. बरं, तेही एक वेळ सोडून देऊ. नायक डाव्या हाताने जेवतो म्हणून मी आठ दिवस हसत होते. आमच्या बाजूला उजवं ते डावं दिसतं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी पडद्यावरच्या माणसाने डावा पाय फेकला तेव्हा तो मुळात उजवा असणार, हे माझ्या डोक्यात आलं नाही. त्या दिवशीही नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मला भावजी हवे होते. भावजी जिवंत असते म्हणजे अक्का राहिल्या असत्या. डोळ्यांनी काय, मागितलं ते दिलं.

पडद्यापलीकडून पुरुष हसले. मग कुणीतरी विचारलं, "कुनाचा भावजी रं?" आणि कुणीतरी सांगितलं, आणि परत कुणी हसलं नाही.

घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. आत्याबाई दारात उभ्या होत्या. हातात कंदील नव्हता, त्याचा त्यांना उपयोगही नव्हता.

"इंदे, खरं बोल. किसनच हुता?"

"व्हय, आत्याबाई."

"त्वांड बघितलंस?"

मला नाही म्हणायला हवं होतं. एरवी त्यांनाच सुचलं असतं की सुनेला तोंड ठाऊक असायचं कारण नाही. पण त्या दिवशी त्यांना सुचलं नाही आणि मी म्हणाले, "व्हय. बाहीनं पुसत हुते."

आत्याबाई तिथेच उंबऱ्यावर बसल्या. "घाम लई यायचा त्याला," म्हणाल्या. "लहानपणापासनं."

अक्का आत चुलीपाशी होत्या. त्या बाहेर आल्या नाहीत. मी धावत आत गेले, त्यांच्या गळ्यात पडले, रडले, हसले. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "जेव आधी. पिठलं गार हुतंय."

दुसऱ्या दिवशी आत्याबाई जन्मात पहिल्यांदा सिनेमाच्या तंबूत शिरल्या. धुतलेलं लुगडं नेसून, देवळात जावं तशा. बरोबर चाची. चाचीचा धाकटा मुलगा रहीमही पलटणीत होता आणि त्याचंही पत्र बऱ्याच दिवसांत नव्हतं. "तुझा दिसतोय, तर माझा बी तितंच असंल," चाची म्हणाली. "येकाच गाडीत बसून गेल्ते दोघं." डाव्या हाताचं ती पार विसरली होती.

आणि मग सगळे आले. कर्जतच्या आणि भोवतालच्या वाड्यावस्त्यांच्या घराघरांतून पोरं पलटणीत गेलेली. काठ्या टेकत, घोंगड्या पांघरून, खोकत, एकमेकांच्या खांद्याला धरून म्हातारे आणि म्हाताऱ्या तंबूत येऊन बसायला लागल्या. पुढे मातीत बसणारी पोरं मागे गेली, कारण म्हाताऱ्यांना लांबचं दिसत नव्हतं. मिसरूडवाल्यांना जागाच उरली नाही. ते कनातीबाहेर उभे राहून ओरडायचे, "ओ आजा, सरका की जरा!" आणि आतून उत्तर यायचं, "तुझा बा लढाईवर गेलाय का? मग गप ऱ्हा!" बातम्यांची रीळ संपून खेळाची पाटी लागली की सगळी म्हातारी माणसं गुडघ्यांवर हात देऊन उठायची आणि घरी जायची. नायिका गात यायची तेव्हा पुढचा अर्धा तंबू रिकामा. मॅनेजर कपाळाला हात लावायचा. इतकी वर्षं तंबू घेऊन फिरतोय, म्हणायचा, पण गाणं लागल्यावर उठून जाणारं गाव पाहिलं नाही.

ते कसे बघायचे, हे मला अजून दिसतं. एक म्हातारा पडद्याशी हात जोडायचा. एकजण चालणाऱ्या शिपायांना म्हणायचा, "बस की रं बाबा जरा. लई चाललास." चाची प्रत्येक शिपायासाठी हात पसरून दुवा मागायची. कोणता रहीम हे ठरत नव्हतं, तेव्हा कुणी चुकायला नको. आणि आत्याबाई माझा दंड धरून बसायच्या. "आला की सांग." तो चिखल आला, ती ओळ आली, की मी म्हणायची, "आत्ता." त्या मान पुढे काढायच्या. त्यांना काय दिसत होतं देव जाणे. पांढरं काही हलत असेल. पण त्या हसायच्या. अडीच वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. वरचे दोन दात नव्हते, हे मला तंबूत कळलं.

पुरुषांच्या बाजूने एकदा कुणीतरी म्हणालं, "पर ह्यो उजवा पाय टाकतोय." त्याला लोकांनी गप्प केलं. दोन वर्षं रानात राहून माणसाचा पाय बदलू शकतो, असंही कुणी म्हणालं. त्या तंबूत त्या आठवड्यात कुणीही कुणाचाही मुलगा असू शकत होता.

चौथ्या दिवशी आत्याबाई अक्कांना म्हणाल्या, "तुझा नवरा हाय. तू बघायचा नि मी आंधळीनं बघतीय. चल." अक्का नको म्हणाल्या. हातांना फोड आलेत म्हणाल्या. म्हैस व्यायला झालीय म्हणाल्या. आत्याबाईंनी ऐकलं नाही.

आम्ही त्यांना मधे बसवलं. एका बाजूला आत्याबाई, दुसऱ्या बाजूला चाची, मागे मी. इंजिन धडधडायला लागलं. तोफा झाल्या, विमानं झाली. चिखल आला. मी म्हणाले, "आत्ता." आणि बायकांच्या बाजूला कुणी पडद्याकडे बघेना. सगळ्या अक्कांकडे बघत होत्या. पडद्याचा उजेड त्यांच्या तोंडावर हलत होता. त्या टक लावून बघत होत्या. तो माणूस थांबला, वळला, तोंड पुसलं, गेला.

"हाय ना गं?" आत्याबाईंनी विचारलं. अक्कांचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला होता.

अक्कांचे ओठ हलले. मी मागून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग त्यांनी पदर पुढे ओढला आणि मान खाली घातली.

"लाजली!" चाची ओरडली. "बगा बगा, नवऱ्याला बगून लाजली माझी बाय!" आणि बायका हसल्या, कुणी टाळी दिली, पलीकडे पुरुषांना निरोप गेला की बायकोने ओळखलं. आमच्या त्या काळात बाईला नवऱ्याबद्दल चारचौघांत विचारलं तर ती बोलायची नाही, मान खाली घालायची. त्याचा अर्थ होकार. दुसरा अर्थच आमच्याकडे नव्हता. नाही म्हणायचं असेल तर बाईने काय करायचं, हे कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचीने अक्कांना दोन्ही हातभर हिरव्या बांगड्या भरल्या. फोड आलेल्या हातांवरून त्या चढवताना अक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. चाची म्हणाली, "सोस जरा."

मिरजगावला सांगावा गेला. अक्कांचे वडील येऊन गेले, आनंदाने रडून गेले. बाजारच्या दिवशी रीळ बदलली, नवीन रिळीत तो चिखल नव्हता, म्हातारी माणसं दोन दिवस येऊन बघून परत घरी बसली. मग तंबू हलला. खांबांचे खड्डे राहिले, त्यांत पोरं गोट्या खेळायला लागली. कडबा बांधून झाला. पाडव्याला आमच्या दारात गुढी उभी राहिली आणि अक्कांनी पुरण घातलं. चैत्रातच त्या मिरजगावच्या माणसाने दुसरीकडे पाट लावल्याचं कळलं. मी अक्कांना म्हणाले, "बरं झालं बाई, वाचलात." त्या म्हणाल्या, "व्हय."

मी त्या वर्षी फार तोऱ्यात होते. धाकटी सून होते, पण घराचा धनी मी शोधून दिला होता. हे शिमग्याला आले तेव्हा त्यांना मी सगळं साभिनय सांगितलं. ते ऐकून म्हणाले, "मी बघायला हवं होतं." पण रीळ गेली होती.

लढाई संपली. काही जण आले. रहीम आला, एका कानाने बहिरा होऊन. चाचीने गावभर साखर वाटली आणि आमच्या दारात आल्यावर साखरेची पुडी उंबऱ्यावर ठेवून परत फिरली. किसनभावजी आले नाहीत. स्वातंत्र्य आलं तेव्हाही आले नाहीत. आत्याबाई म्हणायच्या, "इंदीनं बघितलाय. हाय तितं सुखी असंल." मी ती गोष्ट सांगत राहिले. पाहुण्यारावळ्यांना, माहेरी, लग्नाघरी. दर खेपेला भावजींचं तोंड जरा अधिक स्पष्ट होत गेलं. शेवटी शेवटी तर ते पडद्यावरून माझ्याकडे बघून हसायचे.

आत्याबाई गेल्या तेव्हा अक्का तिशीच्या पुढे गेल्या होत्या. दिवस झाले, पाहुणे पांगले. दुपारची वेळ. आम्ही दोघी माळवदावर वाळत घातलेली गोधडी उतरवत होतो. एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. मी सहज म्हणाले, "भावजी असते तर आईला अग्नी दिला असता. कुठं असतील कोण जाणे."

अक्कांनी गोधडीची घडी जुळवली आणि म्हणाल्या, "इंदे, त्यो न्हवता गं."

"कोण?"

"तंबूतला. त्यो दुसराच कुनीतरी हुता. कान येगळे हुते. मान येगळी हुती. मला बघताक्षनी कळलं."

माझ्या हातातलं टोक सुटलं. "मग बोलला का नाहीत?"

"कशी बोलू? आत्याबाईंनी हात धरला हुता. त्यांच्या हाताला घाम सुटला हुता. तरी मी न्हाई म्हनायला त्वांड उघडलं हुतं. मग तू म्हागनं पाठीवर हात ठेवलास. मला वाटलं, हिला मी एवढी हवी हाय, तर ऱ्हावं."

मी तिथेच बसले आणि विचारलं, "अक्का, तुम्हाला जायचं होतं?"

त्या खाली बघत होत्या. गोधडीवरची काडी उचलून टाकली. "त्याला मी येकदाच बघितलं. बाजारात. संगं पोर हुती, तीन वर्साची. तिनं माझं बोट धरलं नि सोडंना. त्यो म्हनला, सोड गं, तिला काम असंल. मी म्हनलं, असू द्या." अक्का हसल्या. "आता लग्नाला आली असंल ती."

"मला सांगितलं का नाही इतकी वर्षं?"

"तू लई आनंदात हुतीस, इंदे."

त्या दिवसानंतर मी ती गोष्ट सांगितली नाही. रागावल्या असत्या, बोलल्या असत्या, तर मला काही करता तरी आलं असतं. त्यांनी गोधडी घडी करून खाली नेली, माझ्याच डोक्याखालच्या वळकटीत ठेवली आणि चहाला आधण ठेवलं. आम्ही नगरला बिऱ्हाड केलं तेव्हाही त्या आल्या नाहीत, कर्जतचं घर आणि शेत सांभाळत राहिल्या. सुमनच्या वेळी माझं बाळंतपण त्यांनी केलं. रोज अंघोळ झाली की आरशापुढे उभ्या राहून, मेणावर बोट टेकवून, त्या कुंकू लावायच्या. मी कधी विचारलं नाही. काय विचारायचं?

दोन वर्षांपूर्वी, ऐन काढणीत, अक्का गेल्या. शेतात ज्वारी आडवी पडलेली तशीच टाकून लोक आले. मी नगरहून पोचले तेव्हा त्यांना अंघोळ घातलेली होती, ओसरीवर ठेवलं होतं. कपाळ धुतलेलं, मोकळं. बायका दोन्ही बाजूंना बसून होत्या आणि कुणी पुढचं काही करत नव्हतं. भावकीतली एक म्हातारी माझ्याकडे बघून म्हणाली, "इंदूबाई, आता तूच थोरली. हिरवं लुगडं नेसवायचं का पांढरं, तू सांग. कागद आल्ता बेपत्ता म्हनून. पर तू किसनला बघितलं हुतंस म्हनत्यात. तुझ्यावर हाय."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी अक्कांच्या कपाळाकडे पाहिलं. तीस वर्षांच्या कुंकवाने तिथली कातडी जरा फिकी पडली होती, वाटाण्याएवढी. खरं सांगायची तीच एक वेळ उरली होती. सांगितलं असतं तर बायकांनी ती जागा तशीच ठेवली असती, आणि अक्कांनी उगाच घालवलेला सगळा जन्म गावासमोर उघडा पडला असता.

"हिरवं काढा," मी म्हणाले. "मी पाहिलंय त्यांना."